न झालेल्या चौकातला खिळा

बाबा पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आले तेव्हा तळं, घोडागाड्या, मागे दिसणाऱ्या त्या उंचच उंच बिल्डिंगा यातलं काहीच त्यांनी धड बघितलं नाही, ते सरळ एका दिव्याच्या खांबापाशी जाऊन थांबले. खांबावर छोटीशी धातूची पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर चार आकडे. चष्मा वर करून, वाकून त्यांनी ते वाचले आणि मला विचारलं, "हा कसला सर्व्हे नंबर गं?"

मला माहीत नव्हतं. त्याआधी मी त्या पार्कमध्ये निदान वीस वेळा तरी गेले असेन, पण त्या पट्ट्यांकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. तिथेच फोनवर शोधलं. पार्कमध्ये असे साधारण १६०० दिव्याचे खांब आहेत आणि पट्टीवरचे पहिले दोन आकडे म्हणजे तिथून सगळ्यात जवळची स्ट्रीट, शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या अंगाला आहात आणि विषम असेल तर पश्चिमेच्या. आमच्या खांबावर ७२ ने सुरुवात होती आणि शेवटी विषम आकडा, म्हणजे आम्ही ७२ व्या स्ट्रीटच्या पातळीवर, पश्चिमेकडे. पार्कमधल्या वाटा मुद्दाम वळणावळणाच्या केल्यात, त्यामुळे माणूस चुकतोच, आणि चुकलेल्या माणसाने खांब वाचायचा. या खांबांचं डिझाईन १९०७ च्या सुमारास हेन्री बेकन यांनी केलं, ज्यांनी पुढे वॉशिंग्टनचं लिंकन मेमोरियल केलं. बाबा म्हणाले, "म्हणजे जमिनीचा पत्ता जमिनीवरच लिहून ठेवलाय. फार चांगलं केलंय."

आता बाबा असं का म्हणाले ते कळायला त्यांची नोकरी सांगायला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी ते भूमी अभिलेख खात्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत भूकरमापक म्हणून राहिले, म्हणजे आमच्या इंदापूर भागात ज्याला मोजणीदार म्हणतात ते. सुरुवातीला ३३ फुटी साखळी, एका साखळीचे सोळा आणे, मग प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायचं तिपाईवरचं टेबल, आणि शेवटी शेवटी मशीन. जगातली कुठलीही जागा दिसली की ती ते आधी गुंठ्यात करून बघतात, मग बाकीचं. सेंट्रल पार्क ८४३ एकर आहे असं मी सांगितल्यावर चालता चालताच म्हणाले, "तेहतीस हजार सातशे वीस गुंठे." कागद नाही, फोन नाही.

ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. आईचे गुडघे दुखतात, ती घरी नातीजवळ थांबायची आणि आम्हाला धपाटे, शेंगाचटणी बांधून द्यायची, मग मी आणि बाबा रविवारी सकाळची ट्रेन पकडून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरायचो. पहिल्या दोन रविवारी मी त्यांना टाइम्स स्क्वेअर, ब्रुकलिन ब्रिज वगैरे दाखवलं, त्यांनी ते मन लावून बघितलं, पण त्यांचं मन खरं लागलं ते पार्कमध्ये. आणि पार्कमध्ये प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "याच्या आधी इथं काय होतं?" या एका प्रश्नाने माझं न्यूयॉर्क पार बदलून टाकलं.

वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क घ्या. मोठी संगमरवरी कमान, कारंजं, बुद्धिबळाचे पट मांडून बसलेली माणसं, गिटारवाले, कडेवर पोरं घेतलेले आईबाप. कमान १८९० च्या दशकातली, स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुकाराची. तिच्या एका खांबाला छोटं दार आहे, बहुतेक लोकांना ते दिसतही नाही. जानेवारी १९१७ मध्ये सहा जण रात्री त्या दारातून आत शिरून जिना चढून कमानीच्या माथ्यावर गेले, त्यात मार्सेल द्युशॉं आणि जॉन स्लोन हे चित्रकार पण होते, आणि वर कागदी कंदील, फुगे लावून त्यांनी ग्रीनिच व्हिलेज हा आजूबाजूचा भाग स्वतंत्र प्रजासत्ताक असल्याचं जाहीर केलं. मी हे बाबांना कौतुकाने सांगत होते. ते ऐकून हसले, छान म्हणाले, आणि मग विचारलंच, याच्या आधी काय होतं.

याच्या आधी दफनभूमी होती. १७९७ ते १८२५ या काळात शहराने गोरगरिबांना, बेवारशांना, पिवळ्या तापाच्या साथीत गेलेल्यांना इथे पुरलं, जवळपास २० हजार माणसं. नंतर जमीन सपाट करून परेडचं मैदान केलं, मग बाग. पण त्या माणसांना कुणी हलवलं नाही, ती अजून तिथेच आहेत, कारंज्याखाली, बाकांखाली. २००९ मध्ये नूतनीकरणाच्या खोदाईत एक अख्खा थडग्याचा दगड वर आला, १७९९ साली गेलेल्या जेम्स जॅक्सन नावाच्या माणसाचा. बाबा थोडा वेळ गप्प बसले, चपला काढून बाकाखाली ठेवल्या आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसले. मी कारण विचारलं नाही. मी पण बूट काढले.

ब्रायंट पार्कचीही तीच कथा, आधी गरिबांची दफनभूमी, आणि आता हिरवळीखाली शेजारच्या पब्लिक लायब्ररीची पुस्तकांची तळघरं. मॅडिसन स्क्वेअरमध्ये तर काही वर्षं स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा नुसता मशालवाला हात उभा होता, बाकीच्या पुतळ्याचा पत्ता नाही. चौथऱ्यासाठी पैसे जमवायचे होते म्हणून हात आधी पाठवला, तो १८८२ पर्यंत तिथे होता आणि पूर्ण पुतळा उभा राहिला १८८६ ला. युनियन स्क्वेअरच्या कोपऱ्यात गांधीजी आहेत, १९८६ पासून, कांतिलाल पटेल यांनी केलेला पुतळा, काठी घेऊन चालत निघालेला. तिथे बाबांनी हात जोडले, आणि बाजूला फळं विकणाऱ्या माणसाने पण त्यांच्याकडे बघून हात जोडले.

पण आम्ही परत परत जायचो ते सेंट्रल पार्कमध्येच.

तिथे पूर्वेच्या अंगाला, ६७ व्या स्ट्रीटच्या जवळ, खडकावर एक कुत्रा उभा आहे, बाल्टो. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, समुद्र गोठलेला, विमान जाण्यासारखी परिस्थिती नाही, तेव्हा कुत्र्यांच्या स्लेजवरून रिले करून औषध पोचवलं, ६७४ मैल, साडेपाच दिवसांत, वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्रे. शेवटच्या टप्प्याला बाल्टो पुढे होता म्हणून पुतळा त्याचा झाला. सगळ्यात लांबचा आणि अवघड टप्पा टोगो नावाच्या दुसऱ्या कुत्र्याने ओढला होता, आणि मला वाटतं त्याचं नाव प्रत्येक वेळी सोबत घेतलं पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरात पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा बाल्टो स्वतः तिथे हजर होता. शंभर वर्षं पोरं त्याच्या पाठीवर बसतायत, त्यामुळे पाठ आणि कान घासून घासून सोन्यासारखे झालेत, बाकीचं अंग काळपट. बाबांनी मला घटसर्पाबद्दल सांगितलं, त्यांच्या लहानपणी गावात घटसर्पाने गेलेली पोरं त्यांना आठवत होती, ती नावं मी पहिल्यांदाच ऐकली.

आणि मेट म्युझियमच्या मागे तो इजिप्तचा दगडी स्तंभ. लोक त्याला क्लिओपात्राची सुई म्हणतात, पण क्लिओपात्राचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो तिच्या १४०० वर्षं आधीचा, थुतमोस तिसरा या राजाने हेलिओपोलिसला उभा केलेला. मग रोमन लोकांनी तो अलेक्झांड्रियाला नेला आणि मग १८८० मध्ये तो जहाजातून न्यूयॉर्कला आला. दोनशेवर टनांचा अखंड दगड. हडसनच्या काठापासून पार्कपर्यंत यायला त्याला ११२ दिवस लागले, रूळ टाकायचे, थोडं सरकवायचं, मागचे रूळ काढून पुढे टाकायचे, भर हिवाळ्यात, बर्फात. २२ जानेवारी १८८१ ला उभा केला. त्या ११२ दिवसांचा हिशोब बाबांना फार आवडला, रोजचं किती अंतर पडलं असेल, वळणावर काय केलं असेल, गडी किती लागले असतील, धपाटे खाता खाता आम्ही तेच बोलत होतो. साडेतीन हजार वर्षांचा दगड आणि त्याच्या बुडाशी बसून शेंगाचटणी, मला तो दिवस अजून जशाच्या तसा दिसतो.

सेनेका व्हिलेजचं, म्हणजे पार्कच्या आधी तिथे असलेल्या वस्तीचं, मला आधीपासून थोडंफार माहीत होतं, पण बाबांना तिकडे न्यायला मी उशीर केला. का ते पुढे सांगते.

पार्कच्या पश्चिम बाजूला साधारण ८२ ते ८९ स्ट्रीटच्या मध्ये आज चढउताराची हिरवळ आहे, मुलांचं खेळायचं मैदान आहे, मोठी झाडं आहेत. १८२५ मध्ये जॉन आणि एलिझाबेथ व्हाइटहेड या नवराबायकोने इथली आपली शेतजमीन लॉट पाडून विकायला काढली. अँड्र्यू विल्यम्स नावाच्या पंचवीस वर्षांच्या, बूट पॉलिश करणाऱ्या काळ्या तरुणाने तीन लॉट घेतले १२५ डॉलरला. एपिफनी डेव्हिस नावाच्या दुकानातल्या नोकराने बारा घेतले. एका काळ्या लोकांच्या चर्चने सहा घेतले. हळूहळू वस्ती झाली, १८५५ पर्यंत सव्वादोनशेच्या आसपास माणसं, त्यातली दोनतृतीयांश काळी, बाकी बहुतेक आयरिश, काही जर्मन. पन्नासेक घरं, तीन चर्च, एक शाळा. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्ण संपली १८२७ ला, म्हणजे लॉट घेणं सुरू झालं तेव्हा ती अजून शिल्लक होती, हे जरा डोळ्यासमोर आणून बघा. आणि मालकीच्या जमिनीचं महत्त्व नुसतं डोक्यावरच्या छपरापुरतं नव्हतं. त्या काळी तिथे काळ्या पुरुषाला मत द्यायचं असेल तर त्याच्या नावावर निदान २५० डॉलरची मालमत्ता असावी लागायची, गोऱ्यांना ती अट काढून टाकली होती. म्हणजे जमिनीचा तो तुकडा म्हणजे मत.

मग शहराला मोठी बाग हवी झाली. १८५३ मध्ये कायदा झाला, जमीन सक्तीने घ्यायचं ठरलं. १८५६ मध्ये गार्डनर सेज नावाच्या सर्व्हेअरने सगळ्या जागेचे नकाशे केले, कुठला लॉट कुणाचा, त्यावर घर केवढं, गोठा कुठे, झोपडं कुठे, सगळं मापात. पेपरांत या वस्तीला झोपडपट्टी, घुसखोर असं लिहिलं जात होतं, आणि त्याच वेळी सरकारी नकाशावर मालकांची नावं स्वच्छ अक्षरात होती. अँड्र्यू विल्यम्सने आपल्या घराचे आणि तीन लॉटचे ३५०० डॉलर मागितले, त्याला २३३५ मिळाले. १८५७ संपेपर्यंत वस्ती गेली. पार्कच्या पूर्ण जागेतून मिळून साधारण १६०० लोकांना उठवलं. आणि नंतर शंभरवर वर्षं लोक ही वस्ती पार विसरून गेले.

मी उशीर का केला, तर बाबांची पहिली पोस्टिंग उजनीच्या कामाची होती. भीमेवरच्या उजनी धरणाचं काम तेव्हा चालू होतं आणि पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींच्या मोजण्या होत होत्या. बावीस वर्षांचे बाबा साखळी घेऊन लोकांच्या घराच्या ओसऱ्या मोजत होते, ज्या ओसऱ्यांवर बसून त्याच लोकांनी दिलेला चहा प्यायला होता. ते याबद्दल घरी फार बोलत नाहीत. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक गाड्या काढून बघायला जातात, फोटो काढतात, मी पण कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गेले होते. बाबा कधी आले नाहीत.

शेवटी एका रविवारी नेलं. तिथे २०१९ पासून माहितीचे फलक लावलेत, एकेका घराच्या, चर्चच्या जागेपाशी, जुन्या नकाशासकट. बाबांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो पण नकाशा वाचायला लागत नाही. एका फलकासमोर ते खूप वेळ उभे राहिले, मग मला म्हणाले, "लॉट केवढा?" मी म्हटलं, इथला, मॅनहॅटन बेटावरचा नेहमीचा लॉट २५ बाय १०० फूट. "म्हणजे त्या बूट पॉलिशवाल्याचे तीन लॉट सात गुंठ्यांना जरा कमी." मग थोड्या वेळाने, "सात गुंठ्यांत माणूस घर बांधतो, परसात चार झाडं लावतो, पोरीचं लग्न मांडव घालून दारात करतो. थोडी जागा नाहीये ती."

मी त्यांना खोदकामाचं सांगितलं. १९९२ मध्ये पार्कच्या इतिहासावर एक मोठं पुस्तक आलं त्यात या वस्तीबद्दल सविस्तर होतं, मग संशोधक मागे लागले, आणि २०११ मध्ये सेजच्या त्या नकाशावरून जागा धरून त्यांनी प्रत्यक्ष खोदलं. विल्यम गॉडफ्री विल्सन नावाच्या, तिथल्या एका चर्चची देखभाल करणाऱ्या माणसाच्या घराचा पाया सापडला. लोखंडी किटली सापडली, भाजायचं भांडं, चिनी मातीच्या बशांचे तुकडे, आणि एका लहान मुलाचा चामड्याचा बूट.

बाबा म्हणाले, "नकाशा बरोबर होता म्हणून सापडलं." ते स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. मग परत म्हणाले, "ज्यानं मोजलं त्यानं नीट मोजलं होतं."

येताना ट्रेनमध्ये पहिल्यांदाच त्यांनी मला उजनीच्या वेळच्या दोन तीन घरांबद्दल सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

आणि आता तो खिळा. हा शोध बाबांनी इथे यायच्या आधी मी कधी घेतला नसता. मॅनहॅटनचे सरळ काटकोनातले रस्ते ठरले १८११ च्या आराखड्यात, बारा उभ्या ॲव्हेन्यू आणि त्यांना छेदणाऱ्या १५५ आडव्या स्ट्रीट, आणि त्याची प्रत्यक्ष मोजणी केली जॉन रँडेल ज्युनिअर या माणसाने, काम हातात घेतलं तेव्हा तो जेमतेम विशीत होता. तेव्हा बेट म्हणजे शेतं, टेकड्या, ओढे, दलदल. लोकांच्या शेतातून, परसातून मोजणी जायची, वाटेत आलेल्या फांद्या तोडायला लागायच्या, लोक चिडायचे, त्याच्यावर फिर्यादी झाल्या, घुसखोरीबद्दल अटक झाली, खुणेच्या खुंट्या लोक उपटून टाकायचे, एका ठिकाणी तर त्याच्या माणसांना कोबी फेकून मारले अशी गोष्ट सांगतात. बाबा हे ऐकून इतके खुलले की विचारू नका. त्यांच्याकडे याच तोडीच्या डझनभर गोष्टी आहेत, फक्त कोबीऐवजी शेणाचे गोळे, आणि एकदा मोकळा सोडलेला कुत्रा.

तर पुढे रँडेलने जिथे जिथे रस्ते एकमेकांना छेदणार होते तिथे खुणा पक्क्या केल्या, १५४९ संगमरवरी दगड, आणि जिथे खालून खडक लागला तिथे खडकात भोक पाडून शिसं ओतून लोखंडी बोल्ट, असे ९८. नंतर रस्ते झाले, इमारती झाल्या आणि खुणा गेल्या. पण सेंट्रल पार्क त्या आराखड्यात नव्हतं. पार्क झालं तेव्हा त्याच्या पोटातले सगळे नियोजित रस्ते रद्द झाले, चौक झालेच नाहीत, आणि म्हणून तिथल्या एका खडकात रँडेलचा एक बोल्ट राहिला. २००४ मध्ये एका भूगोलाच्या अभ्यासकाच्या तो लक्षात आला. कुणी उपटून नेऊ नये म्हणून नेमकी जागा फारशी सांगत नाहीत, मी पण लिहीत नाही.

आम्हाला तीन रविवार लागले. बाबांनी पद्धत लावली, रद्द झालेली ॲव्हेन्यू पार्कच्या खालच्या टोकाला जिथे संपते तिथून दिशा धरायची, खांबांच्या पट्ट्यांवरून स्ट्रीट धरायची, आणि त्या पट्ट्यात येणारा प्रत्येक उघडा खडक चढून बघायचा. पंचाहत्तरीच्या जवळ आलेला माणूस, थंडीची टोपी कानावर ओढून, एकेक खडक चढत होता. या खडकांवर हिमनदीने ओढलेले लांबच लांब ओरखडे आहेत, वीसेक हजार वर्षांपूर्वीचे, सगळे वायव्येकडून आग्नेयेकडे, बाबा त्यांच्यावरून पण दिशा तपासायचे. मी त्यांचा दंड धरून मागे मागे. जाणारे येणारे बघायचे, एका बाईंनी तर काही हरवलंय का, मदत करू का, म्हणून विचारलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी बाबांनीच बघितला. बोटाएवढा जाड, गंजलेला, खडकातून जरासा वर आलेला. कुंपण नाही, पाटी नाही. शेजारी कुणीतरी कॉफीचा रिकामा कप ठेवला होता, तो मी उचलला.

बाबा खाली बसले, हातमोजा काढला आणि खिळ्यावर अंगठा ठेवला. मग उठून त्यावर पाय न पडेल असे त्याच्या शेजारी उभे राहिले, आधी उत्तरेकडे हात लांब केला, मग पूर्वेकडे, म्हणजे जे रस्ते कधी झालेच नाहीत ते कसे गेले असते ते मला दाखवत होते, इथून ॲव्हेन्यू, इथून स्ट्रीट, हा चौक. त्या चौकात समोर एक मॅपल होता आणि त्याच्या खाली एक मुलगा भावल्याचं नाटक केल्यासारखं आपल्या कुत्र्याशी बोलत बसला होता.

कोटाच्या खिशात बाबांची छोटी डायरी कायम असते, औषधाच्या वेळा, फोन नंबर, ट्रेनचे टायमिंग सगळं त्यातच. ती काढून त्यांनी खडकावर बसूनच काहीतरी लिहिलं. घरी आल्यावर आईने विचारलं काय लिहिलंत एवढं, तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं. वर तारीख, मग रँडेलचं नाव, आणि खाली एकच ओळ, नोकरीत हजारो वेळा लिहिली असेल तशी: खूण समक्ष पाहिली, जागेवर शाबूत आहे.